आरव्हीच्या मोटर ऑनिंगचा सेफ्टी रिकॉल: तो का होतो, कसा तपासायचा आणि पत्र आल्यावर काय करायचं?

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या, किंवा सुट्टीत तिकडे जाऊन आरव्ही भाड्यानं घेणाऱ्या वाचकांसाठी आजचा लेख आहे. आरव्हीच्या बाजूला बटण दाबल्यावर जे कापडी छप्पर बाहेर येतं ना, त्याला ऑनिंग म्हणतात. दिसायला अगदी निरुपद्रवी वस्तू. पण त्याच्या आत दाबून ठेवलेल्या स्प्रिंग असतात, आणि गाडी महामार्गावर असताना ते उघडलं तर काय होईल याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. म्हणूनच त्यात दोष सापडला की कंपनीला ती वस्तू रिकॉल करावी लागते, म्हणजे दोष जाहीर करून फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो.

घाईत असाल तर आधी मुद्दे वाचा:

• मोटर ऑनिंगमध्ये बाहेर ढकलण्याचं काम बहुतेक वेळा स्प्रिंग करते. मोटर तिला आवरून धरते. त्यामुळे मोटर घरी खोलणं धोक्याचं आहे.
• आरव्हीचे रिकॉल तीन थरांत असतात: चासी, बॉडी आणि बसवलेली उपकरणं. एकाच ठिकाणी शोधून ‘शून्य रिकॉल’ दिसलं म्हणून विषय संपत नाही.
• रिकॉलची दुरुस्ती मोफत असते. सेकंडहँड मालकालाही.
• दुरुस्ती होईपर्यंत ऑनिंग बंद, पट्ट्यानं बांधलेली आणि शक्य असेल तर वीज तोडलेली ठेवा.

आता एकेक मुद्दा नीट बघू.

ऑनिंग नेमकी असते कशी?

आपल्याकडे दुकानापुढे ओढून घ्यायचं कापडी छप्पर असतं, तीच कल्पना. आरव्हीच्या बाजूच्या भिंतीला वर एक लांब पन्हाळीसारखी पट्टी असते. कापडाची एक कड तिच्यात अडकवलेली असते. दुसरी कड एका लांब नळीवर गुंडाळलेली असते, तिला रोलर ट्यूब म्हणतात. दोन टोकांना दोन आर्म, म्हणजे हात. हात पसरले की नळी बाहेर जाते, कापड उलगडतं आणि दारासमोर मस्त सावली तयार होते.

जुन्या पद्धतीत हे सगळं हातानं, एका लांब आकड्यानं ओढून करावं लागायचं. आता बऱ्याच गाड्यांवर १२ व्होल्टची डीसी मोटर असते. ती आरव्हीच्या घरगुती बॅटरीवर चालते. डोमेटिक, केअरफ्री ऑफ कोलोराडो, लिपर्ट, थुले, फियामा ही या क्षेत्रातली नेहमी ऐकू येणारी नावं. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा: आरव्ही बनवणारी कंपनी वेगळी आणि ऑनिंग बनवणारी कंपनी वेगळी असते. पुढे याचा मोठा संबंध येणार आहे.

मोटर ढकलत नाही, धरून ठेवते

हा मुद्दा समजला की निम्मा लेख समजला.

आपल्याला वाटतं की मोटर फिरते आणि छप्पर बाहेर ढकलते. पण कापडाला ढकलता येत नाही, ते फक्त ओढता येतं. म्हणून कापड ताणलेलं राहावं यासाठी हातांमध्येच बाहेर ढकलणारी ताकद बसवलेली असते. काही रचनांमध्ये गॅस स्ट्रट असतात, गाडीच्या डिकीचं झाकण वर धरतात तसले. काही रचनांमध्ये हात कोपरासारखे दुमडतात, आणि त्यांच्या आत जाड स्प्रिंग आणि केबल किंवा साखळी असते.

आता बघा काय होतं ते. स्प्रिंगला कायम बाहेर यायचं असतं. मोटर रोलर हळूहळू फिरवून कापड सैल सोडते, तेवढंच छप्पर बाहेर येतं. बंद करताना मोटर कापड गुंडाळते आणि स्प्रिंगच्या विरोधात हात आत ओढून घेते. म्हणजे ऑनिंग बंद असते तेव्हा स्प्रिंग सर्वात जास्त दबलेली असते. पतंगाच्या फिरकीचं उदाहरण घ्या. पतंग वाऱ्याच्या जोरावर वर जातो, फिरकी फक्त मांजा सोडते नाहीतर आवरते. फिरकी हातातून निसटली तर?

अगदी तसंच इथे आहे. बंद ऑनिंगला आवरून धरणारे भाग मोजकेच: मोटरचा गिअर किंवा ब्रेक, आणि ताणलेलं कापड. यातला एक जरी सुटला, तर हात एका झटक्यात बाहेर येतात. समोर शिडीवर माणूस उभा असेल तर त्याला फटका बसतो आणि तो खाली पडतो. म्हणून ‘मोटर बिघडली, चार स्क्रू काढून बघू’ हा आपला नेहमीचा जुगाड इथे चालत नाही.

बिघाड कुठे कुठे होऊ शकतो?

१. गाडी चालू असताना उघडणं. स्विचमध्ये पाणी गेलं, रिले चिकटला, वायर घासून उघडी पडली, किंवा गिअरची पकड गेली, तर ऑनिंग आपोआप उघडू शकते. सुरुवातीला दोन-चार इंचच बाहेर येते, मग वारा आत शिरतो आणि बाकीचं काम वाराच करतो.

२. भिंतीपासून सुटणं. ऑनिंग ज्या स्क्रूंवर टांगलेली असते, ते नीट आत बसले नसतील किंवा मागची फ्रेम कमजोर असेल, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात. मग अख्खी ऑनिंग रस्त्यावर, मागच्या गाडीच्या समोर.

३. दुरुस्ती करताना झटक्यात उघडणं. वर सांगितलं तेच. गाडी उभी असताना होणारा हा अपघात आहे.

४. आग. मोटरची किंवा तिला जोडलेल्या एलईडी पट्टीची वायर चुकीच्या फ्यूजवर जोडली असेल, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडत नाही, वायर तापते.

५. बाहेर अडकणं. हा दोष बहुतेक वेळा वैतागाचा असतो, सुरक्षेचा नाही. पण रात्री वादळ आलं आणि छप्पर आत जातच नसेल, तर तोही धोका होतो.

वाऱ्याचा जोर किती असतो, याचा एक साधा हिशोब करून बघू. हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २७.८ मीटर. हवेची घनता १.२ धरली, तर दाब येतो सुमारे ४६० पास्कल, म्हणजे एका चौरस मीटरवर जवळपास ४७ किलो वजनाइतका जोर. चार मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारी ऑनिंग म्हणजे १० चौरस मीटर कापड. ते सगळं वाऱ्यासमोर आडवं येत नाही हे खरं, पण त्यातलं दोन चौरस मीटर जरी फुगलं, तरी ९० किलोच्या वर ओढ. त्या स्क्रूंनी किती सहन करायचं?

पाण्याचाही असाच हिशोब आहे. त्याच १० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला आणि उतार नसल्यामुळे पाणी साचलं, तर १०० लिटर, म्हणजे १०० किलो वजन कापडावर. काही ऑनिंगना वाऱ्याचा सेन्सर असतो. तो हलणं ओळखून छप्पर आत घेतो. पण तो सोयीसाठी आहे. ऑनिंग उघडी टाकून फिरायला जायचा परवाना नाही.

रिकॉल कोण करतं, आणि नियम काय आहेत?

अमेरिकेत वाहनांची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था म्हणजे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन. आपण तिला एनएचटीएसए म्हणू. रिकॉलचा पाया १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यात आहे. ऑनिंग कशी असावी याचं वेगळं फेडरल मानक नाही, पण त्यानं फरक पडत नाही. एखाद्या दोषामुळे सुरक्षेला अवाजवी धोका निर्माण होत असेल, तर तो रिकॉलचा विषय होतो, मग भाग कुठलाही असो.

मुख्य नियम असे:

• दोष सुरक्षेशी संबंधित आहे हे कंपनीनं ठरवलं की ५ कामकाजाच्या दिवसांत एनएचटीएसएला कळवावं लागतं.
• त्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना टपालानं पत्र पाठवावं लागतं. दुरुस्तीचा भाग तयार नसेल तर आधी सूचनेचं पत्र येतं, आणि भाग तयार झाल्यावर दुसरं.
• कंपनीला दुरुस्ती, बदली वस्तू किंवा परतावा यांपैकी एक उपाय द्यावा लागतो, आणि त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.
• मोफत उपायाची मुदत पहिल्या खरेदीपासून १५ वर्षं आहे. टायरसाठी मात्र ५ वर्षंच.
• पत्र येण्याआधी तुम्ही त्याच दोषासाठी स्वखर्चानं दुरुस्ती केली असेल, तर ठरावीक अटींवर ते पैसे परत मागता येतात. म्हणून बिल जपून ठेवा.

प्रत्येक रिकॉलला एक क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग एक अक्षर. ‘व्ही’ म्हणजे वाहन, ‘ई’ म्हणजे उपकरण, ‘टी’ म्हणजे टायर, ‘सी’ म्हणजे लहान मुलांची सीट. ऑनिंगचा रिकॉल ‘व्ही’ मध्येही असू शकतो आणि ‘ई’ मध्येही. आरव्ही कंपनीनं बसवताना चूक केली असेल तर ‘व्ही’, ऑनिंगमध्येच दोष असेल तर ‘ई’.

घराच्या ऑनिंगचं एक प्रकरण

ऑनिंग घराच्या भिंतीवर असेल तर ती एनएचटीएसएकडे जात नाही. तिथे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन ही वेगळी संस्था आहे. पण यंत्र तेच असल्यामुळे धोकाही तोच, आणि त्याचं एक मोठं उदाहरण आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या सनसेटर या कंपनीनं आपल्या मोटर ऑनिंगवर घालायची सुमारे २ लाख ७० हजार व्हायनिल कव्हर परत मागवली. कव्हर! मोटर नाही, स्प्रिंग नाही. बंद ऑनिंगवर थंडीत घालायचं संरक्षक आवरण आणि ते बांधायच्या लवचिक दोऱ्या. दोऱ्या सोडताना ऑनिंग अचानक उघडून माणसाला धडकत होती. तशा १४ घटना नोंदल्या गेल्या, त्यात ६ वेळा लोकांना फटका बसला आणि एका व्यक्तीचा मृत्यू झाला. पुढे, धोका माहीत असून वेळेत कळवला नाही या आरोपावरून कंपनीनं ९२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायला मान्यता दिली.

कव्हर कसं धोकादायक ठरू शकतं? मघाचा फिरकीचा दाखला आठवा. कव्हर बांधलेलं असताना चुकून बटण दाबलं गेलं, तर मोटर कापड सैल सोडते. पण हात बाहेर येऊ शकत नाहीत, कारण दोऱ्यांनी बांधलेत. म्हणजे स्प्रिंगला आता मोटर आवरत नाहीये, दोऱ्या आवरताहेत. बाहेरून सगळं शांत दिसतं. मग कोणीतरी शिडीवर चढून दोरी सोडतो.

आरव्हीवाल्यांनी यातून काय घ्यायचं? आपणही बंद ऑनिंगला पट्टे बांधतो, आणि तो सल्ला मी खाली देणारच आहे. पण पट्टे सोडताना आधी बटण ‘आत’ दिशेला दाबून कापड घट्ट गुंडाळलेलं आहे याची खात्री करा, आणि हातांच्या समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा.

‘शून्य रिकॉल’ दिसतंय, म्हणजे सगळं ठीक?

माझ्या टेक्सासमधल्या मावसभावानं सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला तेव्हा त्यानं मला हाच प्रश्न विचारला होता. ‘दादा, नंबर टाकला, शून्य रिकॉल दाखवतंय. विकणारा पण म्हणाला की काही नाही. मग झालं ना?’ मी त्याला ऑनिंगच्या आर्मवरच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगितलं. त्या ऑनिंगच्या ब्रँडच्या नावानं शोधल्यावर एक उपकरण-रिकॉल निघाला, आणि त्याचा अनुक्रमांक त्यात बसत होता. विकणाऱ्यानं फसवलं असं म्हणता येत नाही, त्यानंही तोच एक नंबर टाकून बघितला असणार.

असं का होतं? कारण आरव्ही एका कंपनीची नसते.

पहिला थर, चासी. मोटरहोम असेल तर खाली फोर्ड, रॅम किंवा मर्सिडीज-बेंझची चासी असते. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंगचे रिकॉल या कंपनीचे.

दुसरा थर, बॉडी. वरचं घर बनवणारी कंपनी वेगळी. वायरिंग, खिडक्या, गॅसची नळी, आणि ऑनिंग बसवण्याचं काम तिचं.

तिसरा थर, उपकरणं. फ्रिज, शेगडी, हिटर, ऑनिंग. प्रत्येकाचा उत्पादक निराळा. या थराचे रिकॉल किती मोठे असू शकतात? २००६ मध्ये डोमेटिकनं आगीच्या धोक्यामुळे आरव्हीतले ९ लाखांहून जास्त फ्रिज रिकॉल केले होते. ते एका ब्रँडच्या गाड्यांत नव्हते, अनेक कंपन्यांच्या आरव्हींत पसरलेले होते.

आता एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी व्हीआयएन टाकून शोधता येतं. सोय उत्तम आहे. पण व्हीआयएननं शोधायची सोय मोठ्या उत्पादकांना सक्तीची आहे, आणि काही लहान उत्पादकांची माहिती त्यात येत नाही हे संस्था स्वतःच सांगते. आरव्ही उद्योगात लहान उत्पादक भरपूर. शिवाय मालकानं नंतर बाजारातून आणून बसवलेली ऑनिंग असेल, तर गाडीच्या व्हीआयएनला तिचा पत्ताच नसतो.

तपासायची पद्धत, पायरी पायरीनं

पायरी १: व्हीआयएन शोधा. मोटरहोममध्ये तो डॅशबोर्डवर काचेतून दिसतो आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीपाशी लेबलवर असतो. ओढायच्या ट्रेलरला बाहेरून, डाव्या बाजूच्या पुढच्या अर्ध्या भागात लेबल असतं. व्हीआयएनमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्यच समजा.

पायरी २: एनएचटीएसएच्या रिकॉल पानावर तो टाका. काय येतं त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

पायरी ३: आता त्याच पानावर वर्ष, कंपनी आणि मॉडेल निवडून वेगळं शोधा. इथे बॉडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव टाका. गाडीच्या मॉडेलचं वर्ष आणि चासीचं वर्ष कधी कधी एकानं मागेपुढे असतं, म्हणून दोन्ही वर्षं बघा.

पायरी ४: ऑनिंगवरचं लेबल शोधा. ते सहसा आर्मवर, रोलरच्या टोकाला किंवा मोटरच्या झाकणावर असतं. ब्रँड, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, उत्पादनाची तारीख, सगळ्याचा फोटो घ्या. ऑनिंग बंद ठेवूनच बघा. झाकण उघडू नका.

पायरी ५: ‘उपकरण’ या विभागात ब्रँडच्या नावानं शोधा. रिकॉल सापडला तर त्याचे कागद उघडून अनुक्रमांकांची आणि तारखांची मर्यादा तुमच्या लेबलशी ताडून बघा.

पायरी ६: तरी शंका असेल तर ऑनिंग कंपनीला आणि आरव्ही कंपनीला अनुक्रमांक कळवून लेखी विचारा. फोनवरचं ‘काही नाही हो’ उपयोगाचं नाही, ईमेल हवं.

पायरी ७: सेफरकार नावाचं एनएचटीएसएचं मोफत ॲप आहे. त्यात गाडी आणि उपकरणं नोंदवून ठेवली की नवा रिकॉल आला तर फोनवर सूचना येते.

कॅनडातल्या वाचकांनी ट्रान्सपोर्ट कॅनडाची यादी वेगळी बघायची. दोन्ही देशांतले क्रमांक वेगवेगळे असतात.

पत्र आलं, आता?

खऱ्या पत्राच्या पाकिटावर परिवहन खातं आणि एनएचटीएसए यांच्या चिन्हांसह ठळक अक्षरांत सेफ्टी रिकॉलचं लेबल असतं. वॉरंटी विकणाऱ्यांची पत्रंही मुद्दाम तशीच दिसतात, त्यामुळे आत रिकॉल क्रमांक आहे का आणि तो सरकारी संकेतस्थळावर सापडतो का, हे पाहा. रिकॉलच्या नावाखाली कोणी पैसे किंवा कार्डचा नंबर मागत असेल तर ते पत्र खोटं.

पत्रात चार गोष्टी शोधा: दोष काय आहे, त्यातून काय होऊ शकतं, उपाय काय आहे, आणि तोपर्यंत काय करायचं. ‘ऑनिंग वापरू नका’ असं लिहिलं असेल तर ते अक्षरशः घ्या.

मग डीलरला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा, रिकॉल क्रमांक सांगा, आणि भाग आलाय का ते विचारून मगच वेळ घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर आरव्ही दुकानांत खूप गर्दी असते. काम झाल्यावर रिकॉल क्रमांक लिहिलेली पावती घ्या. गाडी विकताना ती कामाला येते.

डीलर टाळाटाळ करत असेल किंवा पैसे मागत असेल, तर आधी उत्पादकाला कळवा, मग एनएचटीएसएकडे तक्रार करा. आणि रिकॉल नसताना तुमची ऑनिंग आपोआप उघडली, तरीही तक्रार नोंदवा. अशा तक्रारींवरूनच त्यांचा दोष-तपास विभाग चौकशी सुरू करतो.

दुरुस्ती होईपर्यंत काय काळजी घ्यायची?

• निघण्याआधी ऑनिंग पूर्ण आत घ्या आणि ट्रॅव्हल लॉक असेल तर लावा. खालून वर बघून दोन्ही टोकं भिंतीला टेकलीत याची खात्री करा.
• दोन्ही हातांवर ऑनिंगसाठी मिळणारे पट्टे बांधा.
• मॅन्युअलमध्ये बघून ऑनिंगचा फ्यूज काढा. त्याच फ्यूजवर दुसरं काही आहे का तेही बघा. फ्यूज काढल्यानं स्विच आणि रिलेचा दोष आटोक्यात येतो. गिअरची पकड गेली असेल तर मात्र फ्यूजचा उपयोग नाही, तिथे पट्टेच लागतात. म्हणून दोन्ही करा.
• प्रत्येक थांब्यावर एकदा आरशात न बघता उतरून बघा.
• मोटर, स्प्रिंग, आर्म, कापड, यातलं काहीही स्वतः खोलू नका. कापड फाटलं असेल तर ते कापूनही काढू नका, कारण तेच हातांना आवरून धरतंय.

चालत्या गाडीत ऑनिंग उघडली तर? जोरात ब्रेक मारू नका. धोक्याचे दिवे लावा, हळूहळू वेग कमी करा, उजवीकडे रुंद जागा बघून थांबा. सगळ्यांना रहदारीपासून लांब उतरवा. बटण दाबून आत जाते का ते एकदाच बघा. नाही गेली तर हातांच्या समोर न जाता बाजूनं दोर घालता येतो का पाहा, आणि तेही सुरक्षित वाटत नसेल तर सरळ रोडसाइड मदत बोलवा. गाडीच्या छतावर चढू नका.

भाड्याची आरव्ही घेताय? हे वाचाच

भारतातून आईबाबा येतात, मग सगळे मिळून आरव्ही घेऊन यलोस्टोनला जायचं, असा बेत अनेक मराठी घरांत ठरतो. तिथे एक बारकावा आहे.

जून २०१६ पासून अमेरिकेत असा कायदा लागू आहे की ३५ किंवा जास्त गाड्यांचा ताफा असलेल्या भाडे कंपनीला रिकॉल बाकी असलेली गाडी दुरुस्तीशिवाय भाड्यानं देता येत नाही. सदोष भाड्याच्या गाडीत मृत्यू झालेल्या रेचेल आणि जॅकलिन हाऊक या दोन बहिणींचं नाव त्या कायद्याला आहे. पण हा कायदा १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ४,५३६ किलो कमाल वजनाच्या वाहनांना लागू आहे. मोठ्या मोटरहोमचं कमाल वजन सहज त्याच्या वर जातं. आणि ॲपवरून एखाद्या घरमालकाची एकच आरव्ही घेतली, तर ताफ्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्या गाडीला ऑनिंग आहे, नेमकी तीच या संरक्षणाबाहेर राहू शकते.

सेकंडहँड खरेदीतही तसंच. नवी गाडी रिकॉल बाकी असताना विकायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, जुन्या गाडीला तशी बंदी नाही.

म्हणून गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी करा. व्हीआयएन आधीच मागवून तपासा. ऑनिंग एकदा उघडून, बंद करून दाखवायला सांगा. आणि ऑनिंगच्या नुकसानीचा खर्च कोणाचा, हे करारात वाचा.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे आरव्ही अजून कमी आहेत, पण महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. रिकॉलसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं मोटर वाहन कायद्यात कलम ११०ए आलं, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनांत सुरक्षेचा दोष असल्याच्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त तक्रारी आल्या, तर सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं, आणि १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अडचण उघड आहे: मोजक्याच विकल्या गेलेल्या कॅरॅव्हॅनच्या तक्रारी त्या संख्येपर्यंत पोचणार कशा?

नंतर बाजारातून बसवलेल्या ऑनिंगसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्यात उत्पादकाची जबाबदारी ठरवली आहे, आणि धोकादायक वस्तू परत मागवायचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. त्यामुळे बिल आणि अनुक्रमांक इथेही जपा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी दुसरा मालक आहे. पत्र मला येईल का?
नोंदणीत तुमचं नाव-पत्ता अद्ययावत असेल तर वाहनाचं पत्र यायला हवं. उपकरणाचं पत्र मात्र पहिल्या मालकाकडेच जाण्याची शक्यता जास्त. दोन्ही कंपन्यांकडे तुमची मालकी नोंदवून टाका. दुरुस्तीचा हक्क तुम्हालाही आहे.

वॉरंटी संपली आहे. तरी फुकट?
हो. वॉरंटी आणि सेफ्टी रिकॉल यांचा संबंध नाही.

माझी ऑनिंग नीट चालते. तरी न्यायची का?
न्यायची. दोष दिसायला लागतो तो अपघाताच्या दिवशीच. पट्टा न लावताही काल सुखरूप पोचलो, तसंच हे.

ऑनिंग बाहेर अडकली आहे, आत कशी घ्यायची?
बऱ्याच मॉडेलमध्ये हातानं गुंडाळायची सोय असते. तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडा. दुसऱ्या ब्रँडचा व्हिडिओ बघून तीच कृती करू नका, कारण काहींमध्ये मोटर सोडवली की ब्रेकही सुटतो.

मॅनेजमेंटच्या भाषेत नाही, साध्या भाषेत एकच काम सांगतो: आज गाडीपाशी जाल तेव्हा ऑनिंगच्या लेबलचा एक फोटो काढून फोनमध्ये ठेवा. वर सांगितलेल्या सात पायऱ्यांपैकी सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो, आणि रिकॉल जाहीर होतो तेव्हा गाडी बहुतेक वेळा घरापासून दूर उभी असते.